आठवण पुसली जात नाही

‘थेरपिस्टच्या बोटामागे डोळे फिरवले की मुलाच्या मनातली वाईट आठवण पुसली जाते,’ हे ईएमडीआर या मानसोपचारावरच्या लेखातलं वाक्य खटकलं. त्यात धक्कादायक आठवण मनात आणून त्याच वेळी डोळे फिरवायला लावतात किंवा थोपटतात. ईएमडीआरमध्ये आठवण पुसत नाहीत हो, तिची धार कमी होते. माझा भाचा अपघातानंतर ट्रकचा हॉर्न ऐकला की कानांवर हात दाबून जागच्या जागी खाली बसायचा. आजही त्याला सगळं आठवतं, पप्पांच्या फुटलेल्या चष्म्यासकट. पण सांगताना आता तो कापत नाही.

आणि मुलांच्या बाबतीत प्रत्येक वेळी बोटच फिरवतात असंही नाही. भाच्याच्या सुरुवातीच्या भेटी तर चित्रं आणि गप्पांतच गेल्या. मग छातीवर हातांची फुली करून खांद्यांवर आलटूनपालटून थोपटणं, म्हणजे ‘फुलपाखरू मिठी’. ही पद्धत १९९७च्या पॉलिन वादळानंतर मेक्सिकोतल्या अकापुल्कोच्या मुलांसोबत काम करताना निघाली. कोणते उपचार द्यावेत हे सुचवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची २०१८ची मार्गदर्शक तत्त्वं तर मुलांना आधी ट्रॉमा-केंद्रित सीबीटी (म्हणजे मानसिक आघाताबद्दलचे विचार आणि वागणं बदलायला मदत करणारा बोलण्यातून होणारा उपचार) द्या म्हणतात, त्याने फरक पडला नाही तर ईएमडीआर. एवढं तरी लेखात हवं होतं. नाहीतर लोक यूट्यूब बघून घरीच पोरांसमोर पेन फिरवायला बसतील!