लॉकडाऊनमध्ये वीज उरली होती, तरी आमची रात्रपाळी सुटली नाही

शेतीची लाईन रात्री कावून देता, असं आमच्याकडे कोणी विचारलं की वर्षानुवर्षं एकच उत्तर मिळतं. दिवसा कारखाने चालतात, तेवढी वीज पुरत नाही. माझ्या आजोबांनी हे ऐकलं, बाबांनी ऐकलं, मीही ऐकलं. 2020 च्या एप्रिलमध्ये या उत्तराची अख्ख्या देशभर परीक्षा झाली आणि ते टिकलं नाही. तेव्हा जो तो आपल्या माणसांच्या काळजीत होता, म्हणून यावर बोलायचं राहून गेलं. आता बोललं पाहिजे.

25 मार्चला देश बंद झाला. बुटीबोरी, हिंगणा, चाकण, सगळीकडच्या फॅक्टऱ्या थांबल्या. दुकानं, ऑफिसं, रेल्वे, सगळं थांबलं. घरातला वापर वाढला, पुण्याहून गावी परतलेल्या पोरांचे मोबाईल आणि लॅपटॉप दिवसभर चार्जिंगला होते, पण त्यानं कारखान्यांची जागा भरून निघत नाही. त्या एप्रिलमध्ये देशातला विजेचा वापर आदल्या वर्षीच्या एप्रिलपेक्षा जवळपास 23 टक्क्यांनी खाली आला.

एवढी वीज कोणी घेत नसेल तर ती बनवायचीही नसते, कारण ग्रीडमध्ये, म्हणजे देशभरच्या वीजवाहिन्यांच्या जाळ्यात, ती साठून राहत नाही. जेवढी मागणी, त्याच क्षणी तेवढीच निर्मिती, तरच विजेची फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झच्या आसपास टिकते आणि ग्रीड सुरळीत चालतं. 5 एप्रिलला रात्री 9 वाजता 9 मिनिटं दिवे बंद करायचं ठरलं, तेव्हा आपल्या नागपूरचेच नितीन राऊत राज्याचे ऊर्जामंत्री होते. सगळे दिवे एकदम बंद केले तर ग्रीड कोसळू शकतं, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं होतं. त्या रात्री देशाची मागणी काही मिनिटांत सुमारे 31 हजार मेगावॅटनं खाली आली. त्या दिवसांतल्या पूर्ण महाराष्ट्राच्या मागणीपेक्षा ही घट मोठी. ग्रीड सांभाळणाऱ्यांनी जलविद्युत केंद्रं भराभर खाली आणली, नंतर तेवढीच वर नेली, आणि कुठंही अंधार होऊ दिला नाही. त्या इंजिनिअरांबद्दल मला खरोखर आदर आहे.

कोळशाच्या केंद्रांना असं खालीवर करता येत नाही. बॉयलर साधारण क्षमतेच्या 55 टक्क्यांच्या खाली नेला की तो नीट चालत नाही, मग वीज बनवणारा अख्खा संचच बंद ठेवावा लागतो. त्यातून सौर आणि पवन वीज आधी घ्यायची असा नियम असल्यामुळे मागणी घटली की पहिला फटका कोळशाला बसतो. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारस, मौदा, तिरोडा हा सगळा पट्टा आपल्या विदर्भातला. राज्यातले कित्येक औष्णिक संच तेव्हा थंड पडले होते, कोळशाचे ढीग वाढत होते. आणि बंद संचाचाही स्थिर आकार, म्हणजे वीज घेतली नाही तरी द्यायची ठरलेली रक्कम, द्यावाच लागतो. तो शेवटी बिलातूनच वसूल होतो.

आता त्याच एप्रिलमधलं आमचं वावर सांगतो. आम्ही कारंजा घाडगे तालुक्यातले संत्रावाले. मृग बहाराचा तयार माल मंडी बंद असल्यानं झाडावरच सडत होता, आणि पुढच्या आंबिया बहाराची बारीक फळं पाणी तुटलं की गळतात. आमच्या फीडरला, म्हणजे सबस्टेशनवरून आमच्या शिवाराला येणाऱ्या वाहिनीला, आठवड्यातले काही दिवस दिवसाची पाळी, उरलेले दिवस रात्रीची. लॉकडाऊनमध्येही तीच पाळी. मध्यरात्री लाईन यायची तेव्हा बाबा हातात बॅटरी आणि काठी घेऊन निघायचे. व्होल्टेज कमी असलं की स्टार्टर नुसता घरघरायचा, मोटर उचलायची नाही, आणि लाईन येताच मोटर आपोआप सुरू करणारे सगळ्यांचे ऑटो एकदम लागले की डीपीवरचा, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवरचा, फ्यूज जायचा. मग अंधारात, बोरच्या जंगलाकडून कधीही वाघ येऊ शकतो अशा शिवारात, लाईन परत यायची वाट पाहत बसायचं. आई तोवर घरी जागी असायची.

आमच्या लाईनमन काकांना मी तेव्हा विचारलं, "काका, आता त फॅक्टऱ्या बंद आहेत, मंग दिवसा लाईन द्यायला काय होते?"

ते म्हणाले, "अरे बाबू, टाईमटेबल वरून येते. अन् सारे फीडर दिवसाच चालू केले त सबस्टेशनचा ट्रान्सफॉर्मर झेपत नाही."

इतकं सरळ उत्तर मला आजवर कोणत्याही साहेबानं दिलं नव्हतं. म्हणजे प्रश्न तारेचा आहे, ट्रान्सफॉर्मरचा आहे, आणि पैशाचा आहे. कारखान्यांना महाग वीज विकून शेतीची स्वस्त वीज भागवली जाते. कारखाने बंद झाले तेव्हा वीज उरली, पण पैसा आटला. मे 2020 मध्ये केंद्रानं देशभरच्या वीज वितरण कंपन्यांसाठी 90 हजार कोटींच्या कर्जाची सोय जाहीर केली, ती याचसाठी. हे सगळं मला समजतं. पण मग आम्हाला तेच सांगा. वीज कमी आहे म्हटलं की माणूस गप्प बसतो. ट्रान्सफॉर्मर लहान आहे म्हटलं असतं तर आमच्या ग्रामसभेनं मोठ्या ट्रान्सफॉर्मरसाठी ठराव घेतला असता, आमदाराच्या दारात बसली असती.

घरच्या बिलांचंही तसंच झालं. रीडिंग बंद, म्हणून हिवाळ्यातल्या महिन्यांची सरासरी धरून बिलं आली आणि जूनमध्ये फरक एकदम अंगावर पडला. विदर्भात जानेवारीचा वापर आणि मे महिन्यातला कूलरचा वापर यांत किती अंतर असतं, हे इथल्या लहान पोरालाही माहीत आहे. हातावर पोट असलेल्या, दोन महिने मजुरी नसलेल्या घरांना ते बिल भरायला लागलं.

कोणी म्हणेल, ते दोन-तीन महिने अपवादाचे होते. मान्य. मागणी त्याच वर्षी सावरली आणि 2021 च्या ऑक्टोबरमध्ये तर देशातल्या केंद्रांकडे सरासरी चारेक दिवसांचाच कोळसा उरला होता. उरलेल्या कोळशाच्या विजेवर आमचं ओलीत कायमचं दिवसा करा, असं मी म्हणतच नाही. दिवसा पाणी द्यायला दिवसाचीच वीज हवी, म्हणजे सौर. गावाजवळच प्रकल्प उभा करून शेतीचा फीडर त्यावर चालवायची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 पासून आहे, आणि तिच्या सुरुवातीच्या गावांत राळेगणसिद्धीसोबत आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी होतं. 2024 पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांची वीज मोफत झाली. त्याचा आधार आहे, नाही म्हणत नाही. पण बाबांना विचाराल तर ते म्हणतील, पैसे घ्या, लाईन दिवसा द्या.

या पोस्टखाली आपापल्या फीडरचं लिहा. तालुका कोणता, पाळी दिवसाची की रात्रीची, सौर प्रकल्प जोडला गेला का, आणि जोडला असेल तर पूर्ण दाबानं किती तास लाईन मिळते. वर्धा आणि अमरावती जिल्ह्यातली यादी मी करतोय, ती घेऊन आम्ही काही जण वीज कंपनीच्या अधीक्षक अभियंत्यांना भेटणार आहोत.