ताबा घ्यायला कोणी येईना

खाऱ्या पाण्याची टाकी घरात ठेवली की पाहुणा आधी काचेवर टिचकी मारतो, मग "अय्या, हा तर सिनेमातला!" म्हणतो आणि चहा येईपर्यंत मूळ मुद्द्यावर येतो. "पण हा फुलात का नाही बसलाय?"

फूल म्हणजे ॲनिमोन. फूल नव्हे, प्राणीच आहे तो, पण हे सांगायला गेलं की चहा गार होतो. २००३ साली एका ॲनिमेशनपटाने जगभरच्या पोराटोरांच्या डोक्यात पक्कं बसवलं, की नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश ॲनिमोनमध्येच लोळत असतो. आमच्या डोंबिवलीच्या हॉलमधलं जोडपं लोळत नाही. ते टाकीच्या उजव्या कोपऱ्यात, वेव्हमेकरच्या, म्हणजे पाणी हलतं ठेवणाऱ्या पंख्याच्या पंपाच्या, चुंबकाच्या आडोशाला, काचेला पाठ लावून राहतं. रात्री झोपायलाही तिथेच. पुनर्विकासात टॉवर उभा राहावा, लिफ्ट सुरू व्हावी आणि भाडेकरूंनी संक्रमण शिबिर सोडायलाच नकार द्यावा, तसं चाललंय.

टॉवर बांधायला काय लागलं ते सांगतो. सोसायटीच्या टाकीतलं पाणी चालत नाही, आरओचं लागतं. त्यात समुद्री मीठ कालवायचं आणि खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब टाकून, झाकण लावून, एक डोळा मिटून ट्यूबलाइटकडे बघायचं. निळा आणि पांढरा भाग जिथे भेटतो तिथे १.०२५ आलं पाहिजे. मी पहिल्यांदा असा उभा राहिलो तेव्हा आईला वाटलं, ट्यूबलाइटमागे पाल आहे. ती झाडू घेऊन आली.

पाण्याचं तापमान २५-२६ अंश. मे महिन्यात डोंबिवलीत हे जमवायचं म्हणजे चिलर आला. चिलर टाकीतली उष्णता काढतो आणि हॉलमध्ये सोडतो, एवढंच त्याचं विज्ञान. त्यामुळे मासे महाबळेश्वरात आणि आम्ही सोफ्यावर घामाघूम. बायको म्हणाली, "आपण आत जाऊन बसू. त्यांना येऊ दे बाहेर."

एवढं करूनही ॲनिमोन लगेच आणता येत नाही. टाकी मुरावी लागते, सहा महिने तरी. दिवाही जोरकस लागतो, कारण ॲनिमोनच्या अंगात सूक्ष्म शेवाळं राहतं आणि उजेडावर अन्न तयार करून घरमालकाला देतं. म्हणजे भाडेकरू ठेवायची त्याला सवय आहे. आडमुठेपणा त्याच्या बाजूने नाही.

आणलं ते बबल टिप जातीचं. ॲनिमोनला बोटांसारखे लवलवते अवयव असतात, याच्या त्या बोटांच्या टोकांना फुगे येतात, टाकीत टिकायला त्यातल्या त्यात सोपं. मी त्याला मधल्या खडकावर, सोफ्यावरून नीट दिसेल असं बसवलं. सकाळी ते तिथे नव्हतं. ॲनिमोन चालतो. तळाला पायासारखी चकती असते, तिच्यावर सरकत सरकत त्याला हवा तेवढा उजेड आणि हवा तेवढा प्रवाह शोधतो. तुमचा सोफा कुठे आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. आमचं खडकाच्या मागे गेलं, मग काचेवर चढलं, मग वेव्हमेकरच्या दिशेने निघालं. त्या पंख्यात सापडलं तर त्याचा कीस होतो आणि सगळ्या टाकीचं पाणी नासतं. म्हणून रात्री उठून टॉर्च मारायचा. दूध उतू जाईल म्हणूनसुद्धा मी कधी एवढा जागलेलो नाही. शेवटी पंख्याला स्पंजचं झाकण बसवलं. ॲनिमोनने लगेच दिशा बदलली आणि मधल्या खडकाच्या खाचेत कायमचा मुक्काम ठोकला.

आता फक्त माशांनी जायचं बाकी होतं.

दुकानदार म्हणाला, "जातील हो, नैसर्गिक आहे ते." मी वाचायला लागल्यावर निसर्गाची बाजू वेगळीच निघाली. क्लाउनफिशच्या आमच्यासारख्या ऑसेलॅरिस जातीला समुद्रात तीन प्रकारचे ॲनिमोन पसंत असतात आणि त्या तिघांत बबल टिप नाही. टाकीत ते पुष्कळदा चालवून घेतात, पण तो त्यांचा मोठेपणा. दुसरं, समुद्रात अंडी घातली जातात तीच ॲनिमोनच्या पायथ्याशी. पिल्लं काही दिवस प्रवाहात भटकतात आणि मग वासावरून तसलंच घर शोधतात. आमच्या या दोन माशांचा जन्म हॅचरीतल्या, म्हणजे माशांच्या पैदास केंद्रातल्या, टबात झालेला. त्यांच्या मुळगावी ॲनिमोन नव्हताच. पंप होता.

आणि मुख्य म्हणजे, त्याची गरज काय? ॲनिमोनच्या बोटांत विषारी डंख असतात, म्हणून मोठे मासे तिथे फिरकत नाहीत, म्हणून क्लाउनफिश तिथे राहतो. बदल्यात तो ॲनिमोन कुरतडायला येणाऱ्यांना हुसकावतो. आमच्या टाकीत मोठा मासा नाही. कुरतडणारा नाही. आहेत दोन गोगलगाई, त्याही शाकाहारी.

तरी प्रयत्न सोडले नाहीत. ॲनिमोनमध्ये बसलेल्या क्लाउनफिशचा रंगीत फोटो काचेला बाहेरून चिकटवायचा, म्हणजे बघून शिकतात, असा एक उपाय शौकिनांत चालतो. चिकटवला. आमच्या मादीने फोटोतल्या माशावर एवढ्या जोरात चाल केली, की तोंड आपटून घेईल म्हणून फोटो काढावा लागला.

ही मादी म्हणजे दोघांतली मोठी. क्लाउनफिश सुरुवातीला सगळे नरच असतात. जो सगळ्यांत वरचढ ठरतो तो मादी होतो आणि ती गेलीच तर तिचा नवरा मादी होऊन कारभार हातात घेतो. हे आईला सांगताना मी जरा चाचरलो. तिने शांतपणे शेंगा सोलत ऐकलं आणि म्हणाली, "मग त्याच्या मागे कशाला लागलायस? आधी तिला पटव. तो येईल मुकाट."

वाचलेल्या सगळ्या सल्ल्यांत हा एकच कामाचा होता. तिला पटवायला कोळंबी आणली. कोळणीने विचारलं, "चारच? घरात माणसं किती?" मी म्हटलं, "फुलाला घालायचीये." तिने पाचवी फुकट टाकली, बहुधा दयेने. कोळंबीचा नखाएवढा तुकडा चिमट्याने ॲनिमोनच्या बोटांवर ठेवला. बोटं चिकटली, आत वळायला लागली. तेवढ्यात बाईसाहेब कोपऱ्यातून सुसाट आल्या, तुकडा ओढला आणि परत पंपामागे. जाताना शेपटीचं टोक एका बोटाला लागलं. ती थरारली, थांबली, वळून पुन्हा एकदा शेपटी लावून बघितली. अंगावरचा बुळबुळीत थर डंखाला सरावतो तो असाच, थोडं थोडं घासून. सगळं घर काचेला नाक लावून उभं. मुलगी कुजबुजली, "बाबा, जातेय!" नवरा मागून आला, बायकोला धडकला आणि दोघं तुकडा खायला कोपऱ्यात निघून गेले.

शेवटचा उपाय चाळणीचा. जोडपं आणि ॲनिमोन यांच्यावर प्लास्टिकची चाळणी पालथी घालून रात्रभर एकत्र ठेवायचं. सकाळी बघतो तर ॲनिमोन एका टोकाला फुललेलं आणि हे दोघं दुसऱ्या टोकाला भोकांना तोंड लावून उभे. मी आणखी एक रात्र थांबणार होतो, पण त्या दिवशी संकष्टी होती आणि साबुदाणा निथळायला बायकोला चाळणी हवी होती. ती कुठे आहे हे कळल्यावर तिने नवी चाळणी आणली आणि तिच्यावर मार्करने "माणसांची" असं लिहिलं.

एवढ्यात ॲनिमोनने स्वतःच एक निर्णय घेतला. आधी ते लांबट झालं, मग मधून ताणलं गेलं आणि सकाळी खडकावर दोन ॲनिमोन होते. बबल टिप असे दुभंगतात. एका रिकाम्या घराची दोन रिकामी घरं झाली. पाहुण्यांचा प्रश्नही वाढला. "दोन दोन आहेत, तरी?"

एक परत देऊन टाकावं म्हणून पिशवीत घालून दुकानात नेलं. दुकानदाराने ते त्याच्या टाकीत सोडलं. ते तळाला टेकलंही नव्हतं, तोच कोपऱ्यातला एक क्लाउनफिश सरळ आला, बोटांत शिरला, गोल फिरला आणि आडवा झाला.

"बघा साहेब," दुकानदार म्हणाला, "नैसर्गिक आहे ते."

मी म्हटलं, "हा मासा कितीला?"

"तो विकायचा नाही," तो म्हणाला. "डिस्प्लेचा आहे."