चौथी सीट

काल रात्री पावणेनऊला बदलापूर स्टेशनबाहेर पश्चिमेला शेअर रिक्षाच्या लायनीत उभा होतो. सीएसएमटीपासून अडुसष्ट किलोमीटर, त्यातले डोंबिवलीपर्यंतचे एका पायावर, त्यामुळे लायनीत दोन्ही पाय जमिनीला टेकले याचंच अप्रूप वाटत होतं. माझा नंबर तिसरा. म्हणजे मागची सीट. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

शेअर रिक्षात कायद्याने तीन माणसं. आमच्याकडे कायदा मागे बसतो आणि चौथा माणूस पुढे, ड्रायव्हरच्या सीटच्या कडेला, अर्ध्या बुडावर. एक गुडघा बाहेर, एक हात वरच्या दांडीला, आणि ड्रायव्हरने हँडल वळवलं की त्याचं कोपर आपल्या पोटात. भाडं मात्र चौघांना सारखंच. अर्ध्या बुडाचं अर्धं भाडं का नाही असं मी एकदा विचारलं होतं, तर ड्रायव्हर म्हणाला हवा लागते ना.

तर मी मागे बसणार एवढ्यात माझ्या मागून एक काका आले, पांढरा शर्ट, कापडी पिशवी, त्यातून मेथी बाहेर डोकावतेय. चौथा नंबर त्यांचा. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी प्रेमाने विचारलं, "कधीपासून आहात बदलापुरात?"

मला वाटलं ओळख काढतायत. म्हटलं, "2016 पासून."

"मी चौऱ्याऐंशी," काका म्हणाले. "मग तुम्ही पुढे बसा."

मी म्हटलं, काका, नंबर माझा आहे. तर म्हणाले, "नंबर लायनीचा झाला. गावाचा कुणाचा आधी?" आता याला काय उत्तर देणार? मागे बसलेल्या दोघी मोबाइलमधून मान वर काढून बघायला लागल्या. ड्रायव्हर म्हणाला, चला शेठ, बसा कुठंतरी, लाइन वाढतेय.

"सव्वीस जुलैचा पूर बघितलात?" काकांनी परीक्षाच सुरू केली.

"2005 चा? नाही, तेव्हा मी दादरला भाड्याने..."

"बघा!" काका त्या दोघींना म्हणाले, जसा काही मी चोरी कबूल केली. "हेंद्रेपाड्यात माझ्या मेव्हण्याच्या घरी पाणी इथपर्यंत." हात छातीशी. पुढच्या वाक्याला तो हात गळ्याशी गेला होता. आणखी दोन मिनिटं थांबलो असतो तर मेव्हणा गच्चीवर पोचला असता.

मीही इरेला पेटलो. म्हटलं, "2019 चा बघितलाय. सत्तावीस जुलै. आमच्या पार्किंगमध्ये पाणी होतं."

"तो?" काकांनी हात झटकला. "तो रेल्वेचा पूर. वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली म्हणून टीव्हीवर आला. तो मोजत नाहीत."

पुराची कटऑफ लिस्ट लागते हे मला खरंच माहीत नव्हतं.

मी पुढे बसलो. हो, बसलो. तोंडातून ब्र काढला नाही. अर्ध्या बुडावर दांडी धरून बसल्यावर मात्र सगळी उत्तरं एकेक करून सुचायला लागली, आणि मागून काकांचं चालूच, पूर्वी इथे नुसती भातशेती, पूर्वी जांभळं फुकट, लोक वाटीने नाही टोपलीने द्यायचे, पूर्वी लोकलमध्ये खिडकी मिळायची, आणि "ही माणसं" आली आणि सगळी वाट लागली. ही माणसं म्हणजे मी, ड्रायव्हरचं कोपर पोटात घेऊन. काका खोटं बोलत नव्हते म्हणा. 2001 च्या जनगणनेत इथे लाखाला थोडी कमी माणसं होती, 2011 ला पावणेदोन लाखाच्या आसपास, त्यानंतर जनगणनाच झाली नाही म्हणून माझ्यासारखे अजून मोजलेलेच नाहीत. फ्लॅटचा हप्ता, पालिकेचा टॅक्स, सोसायटीच्या टँकरचे पैसे हे मात्र वेळच्या वेळी बरोबर मोजून घेतात. टँकरचंच बघा, बारवी धरण आमच्या शेजारी, पाणी पार मीरा-भाईंदरपर्यंत जातं, आणि आम्ही सकाळी सहाला वॉचमनला विचारतो, आला का? पण ते राहू दे, त्यावर बोलायला लागलो तर रिक्षा राहून जाईल.

काकांनी रिक्षा मेन रोडवर नाही थांबवली. "आत घे, गेटपर्यंत." ड्रायव्हरनेही घेतली, मला घेतो का कधी? गेट म्हणजे काय तर चकचकीत कमान, मागे वीस-बावीस मजली टॉवर, नावात 'व्हॅली', आणि खाली बोर्ड, थोडेच फ्लॅट शिल्लक.

मी विचारलं, "काका, तुम्ही इथे राहता?"

"हा आमचाच प्लॉट," काका उतरता उतरता म्हणाले. "बैठं घर होतं, मागे विहीर. बिल्डरला दिलं. दोन फ्लॅट मिळाले, एक भाड्याने द्यायचाय. तुमच्या ऑफिसात कुणी असेल तर सांगा, फॅमिलीवालाच पाहिजे."

मेथी सांभाळत गेले. वॉचमनने सलाम ठोकला.

ड्रायव्हर रिव्हर्स घेत माझ्याकडे बघून म्हणाला, "शेठ, जागा झाली, मागे बसता का आता?"

माझी सोसायटी समोरच दिसत होती. फार तर दोनशे मीटर. तरी उतरलो आणि मागे जाऊन बसलो.