गॅस हीटरच्या तपासणीचे शुल्क व लागलेला वेळ यांविषयी खुलासा

महोदय,

सप्रेम नमस्कार. आपण आमच्या तुर्भे येथील कार्यशाळेला एकच तारा देऊन लिहिले आहे, की छोट्या कॅम्पर व्हॅनमधला गॅस हीटर काढण्याच्या किरकोळ कामासाठी आम्ही गाडी 3 आठवडे अडकवून ठेवली, कधी ‘काढा’ तर कधी ‘ठेवा’ असा उलटसुलट सल्ला दिला, आणि शेवटी काहीच न करता तपासणीच्या नावाखाली 3,500 रुपये उकळले. आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल मनापासून दिलगिरी व्यक्त करतो. मात्र ‘काहीच न करता’ हे शब्द त्या गाडीखाली पाठीवर पडून काम केलेल्या कारागिरांनीही वाचले आहेत, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

आपल्या गाडीतला हीटर परदेशी बनावटीचा आणि बंद ज्वलनकक्षाचा आहे. जळणासाठी लागणारी हवा तो बाहेरून घेतो व धूरही बाहेरच सोडतो. गाडीतली हवा फक्त त्या तापलेल्या कक्षाभोवती पंख्याने फिरवली जाते. या कक्षाच्या पत्र्याला बारीक चीर गेली असेल, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू झोपण्याच्या जागेत शिरतो आणि त्याला रंगही नसतो, वासही नसतो. ही चीर हीटर जागेवर असताना दिसत नाही. त्यासाठी बाहेरची धुराड्याची झाकणी उतरवून, गॅसची तांब्याची नळी आणि 12 व्होल्टच्या वायरी सोडवून संपूर्ण हीटर कपाटातून बाहेर घ्यावा लागतो. आम्ही तो घेतला, पाहिला, कक्ष शाबूत असल्याचे आपल्याला फोटोसह कळवले, आणि त्यावर आपण फोनवरून ‘सध्या राहू द्या’ असे सांगितल्यामुळे सगळी जोडणी पुन्हा केली. त्यातही शेगडी आणि हीटर एकाच नळीच्या दोन फांद्यांवर असल्याने, जोडणीनंतर सिलिंडर बंद करून दाबमापकाचा काटा खाली येतो का हे पाहणे आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे तपासणे टाळता येत नाही, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो, आणि आपल्या गाडीत तर झोपण्याची गादीच तळाशी आहे. तेव्हा ज्याला आपण तपासणीचे शुल्क म्हणता, ती हीटर एकदा काढण्याची आणि एकदा बसवण्याची मजुरी आहे. ही रक्कम आपण गाडी आणून दिलीत तेव्हाच तोंडी सांगितली होती. यापुढे अशा गोष्टी लेखी देण्याची काहीतरी व्यवस्था करण्याचा विचार आहे.

आता सल्ल्याविषयी. पहिल्या भेटीत आपण कोकण, गोवा आणि फार तर महाबळेश्वर असा बेत सांगितला होता. तेवढ्यासाठी हीटर काढून टाकावा, एक चांगले कपाट मोकळे होईल, बारा-तेरा किलो वजन कमी होईल, असे मी निःसंकोच सांगितले, आणि आजही तेच सांगेन; ठाण्याच्या हिवाळ्यात हीटर लावणारा माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही. त्यानंतर आपल्यासोबत आलेल्या ताईंनी ऑक्टोबरात स्पितीला जायचे असल्याचे सांगितले. तिथे त्या दिवसांत रात्री पारा शून्याखाली जातो, आणि एकदा काढलेला हीटर पुन्हा बसवायचा झाल्यास त्याचे सुटे भाग इथे सहजी मिळत नाहीत. मुक्काम बदलला म्हणून सल्ला बदलला. शिवाय हीटर ठेवला म्हणजे सगळे सुटले असेही नाही, हे मी त्याच वेळी स्पष्ट केले होते. त्याच्या पट्टीवर 16,000 बीटीयू (तासाला लागणाऱ्या उष्णतेचे माप) लिहिले आहे. सलग चालवल्यास तो तासाला साधारण साडेतीनशे ग्रॅम गॅस खातो, म्हणजे 5 किलोचा सिलिंडर चौदा-पंधरा तासांत संपतो. आपल्याकडच्या एलपीजीत प्रोपेनबरोबर ब्युटेनही असतो आणि ब्युटेनची वाफ शून्य अंशाच्या आसपास होईनाशी होते, त्यामुळे नेमक्या कडाक्याच्या रात्री ज्योत मंदावू शकते. हे ऐकून आपण घरचा 14.2 किलोचा सिलिंडर गाडीत जोडून देण्यास सांगितलेत. तो घरातल्या स्वयंपाकासाठी मिळतो, गाडीसाठी नाही, म्हणून आम्ही नकार दिला. आपल्या अभिप्रायात या नकाराचा उल्लेख नाही. नाराजीचे मूळ तिथे असावे असे मला वाटते.

तीन आठवड्यांपैकी बहुतेक दिवस गाडी आपल्या उत्तराची वाट पाहत उभी होती. ‘काढायचा की ठेवायचा’ या आमच्या संदेशांवर वाचल्याच्या निळ्या खुणा दिसत होत्या, उत्तर येत नव्हते. भिंतीतले धुराड्याचे भोक उघडे ठेवून गाडी पावसात बाहेर लावणे शक्य नसल्याने ती छपराखालीच राहिली आणि तेवढे दिवस आमची एक जागा अडली. त्याचे भाडे आम्ही लावलेले नाही. आमच्यासारख्या छोट्या कार्यशाळेकडे घोडबंदरहून वा पनवेलहून येणारा नवा माणूस आधी असे अभिप्राय वाचतो आणि मगच फोन करतो, हे आपण लिहिताना ध्यानात घेतले असते तर बरे झाले असते.

स्पितीचा बेत रद्द झाला असल्यास हीटर जरूर काढून देऊ. नळीची फांदी पितळी बूच लावून बंद करणे, दाबाची चाचणी घेणे आणि भोकावर ॲल्युमिनियमची पट्टी ब्यूटाइल टेपसह (पाणी अडवणारी चिकटपट्टी) बसवणे एवढे काम राहील, व आपण भरलेले 3,500 रुपये त्या बिलातून वजा होतील. पट्टी मापाने कापून तयार आहे. येण्यापूर्वी घरात एकमत करून यावे, आणि तारे वाढवले नाहीत तरी चालेल, पण ‘काहीच न करता’ हे शब्द तेवढे काढावेत, ही विनंती.

आपला नम्र,
कार्यशाळाचालक, तुर्भे, नवी मुंबई