जिम अ‍ॅलिस्टर स्टॉरमाँटमध्ये नुसतेच ओरडले, हे खरं नाही

ब्रेक्झिटवर चर्चा निघाली की एक दावा हमखास पुढे केला जातो. युरोपीय संघाचे विरोधक प्रादेशिक विधिमंडळात निवडून गेले तरी तिथे काही काम करत नाहीत. सभागृहाच्या अधिकाराबाहेरच्या विषयांवर भाषणं देतात, कामकाजात खोडा घालतात, आणि त्यांच्यामागे फारसे लोकही नसतात. पुरावा म्हणून दोन उदाहरणं दिली जातात. एक वेल्समधल्या यूकिप या युरोपीय संघविरोधी पक्षाचं, दुसरं उत्तर आयर्लंडच्या जिम अ‍ॅलिस्टर यांचं. अ‍ॅलिस्टर १३ वर्षं स्टॉरमाँटमध्ये, म्हणजे बेलफास्टमधल्या उत्तर आयर्लंडच्या विधिमंडळात, एकटे बसले, तेवढी वर्षं ओरडले आणि हाती काही न लागता निघून गेले, असा हा दावा.

वेल्सबद्दल मी वाद घालणार नाही. २०१६ मध्ये यूकिपचे ७ सदस्य कार्डिफच्या सभागृहात पोचले. काही महिन्यांतच गट फुटायला लागला, मुदत संपताना पक्षाच्या नावावर एकटे नील हॅमिल्टन उरले आणि २०२१ च्या निवडणुकीत तेही गेले. पण तोच शिक्का अ‍ॅलिस्टर यांच्यावर मारणारे स्टॉरमाँटचं कामकाज न वाचता बोलतात, आणि ते मला मान्य नाही.

आधी माणूस कोण ते सांगतो. अ‍ॅलिस्टर पेशाने बॅरिस्टर. २००४ मध्ये डीयूपी या सर्वांत मोठ्या युनियनवादी, म्हणजे ब्रिटनमध्येच राहू पाहणाऱ्या, पक्षातर्फे ते युरोपीय संसदेत निवडून गेले. मार्च २००७ मध्ये डीयूपीने आयर्लंडचं एकीकरण मागणाऱ्या शिन फेन पक्षाबरोबर सत्तेत बसायचं ठरवलं तेव्हा त्यांनी पक्ष सोडला आणि वर्षअखेर ‘ट्रॅडिशनल युनियनिस्ट व्हॉइस’, म्हणजे टीयूव्ही, हा स्वतःचा पक्ष काढला. २०११ मध्ये नॉर्थ अँट्रिममधून ते स्टॉरमाँटमध्ये आले आणि २०२४ पर्यंत तिथे त्या पक्षाचे एकमेव सदस्य राहिले. त्यांचं राजकारण माझं नाही. समलिंगी विवाहाबद्दल आणि आयरिश भाषेबद्दल त्यांनी घेतलेल्या भूमिका मला पटत नाहीत. २०१६ च्या सार्वमतात उत्तर आयर्लंडच्या ५५.८ टक्के मतदारांनी युरोपीय संघात राहायचा कौल दिला होता, ही गोष्ट ते पुरेशा गांभीर्याने घेत नाहीत असंही मला वाटतं. तरीही एखाद्या लोकप्रतिनिधीने काय केलं हे त्याच्या मतांवरून ठरवायचं नसतं.

दाव्यातली पहिली गोष्ट अशी, की युरोप हा लंडनचा विषय, बेलफास्टच्या सभागृहात त्यावर बोलणं म्हणजे वेळ घालवणं. परराष्ट्र धोरण लंडनकडे आहे, हे बरोबर. पण उत्तर आयर्लंडचा कारभार ज्या १९९८ च्या कायद्यावर उभा राहिला, त्याच कायद्याने या सभागृहावर बंधन घातलं होतं की युरोपीय कायद्याशी विसंगत असा कायदा त्याला करता येणार नाही. शेतकऱ्यांना मिळणारं युरोपीय अनुदान बेलफास्टचं कृषी खातंच वाटत होतं. म्हणजे ब्रेक्झिटच्या आधीही युरोप या सभागृहाच्या रोजच्या कामात होता. ब्रेक्झिटनंतर तर संबंध आणखी थेट झाला. ब्रिटन आणि युरोपीय संघातल्या कराराचा भाग असलेल्या आणि २०२१ पासून लागू झालेल्या प्रोटोकॉलमुळे मालाच्या व्यापारात उत्तर आयर्लंडला युरोपीय बाजाराचे बरेच नियम पाळावे लागतात, आणि ही व्यवस्था पुढे चालू ठेवायची का यावर मतदान करायचा हक्क प्रोटोकॉलच्या १८ व्या कलमाने स्टॉरमाँटच्या सदस्यांना दिला. प्रोटोकॉलमध्ये बदल करणाऱ्या २०२३ च्या विंडसर आराखड्यात ‘स्टॉरमाँट ब्रेक’ आला: ९० पैकी ३० सदस्यांनी, किमान दोन पक्षांतून, मागणी केली तर नवा युरोपीय नियम रोखण्याची प्रक्रिया सुरू होते. ज्या सभागृहाला असे अधिकार आहेत, तिथे युरोपवर बोलणारा सदस्य विषयांतर करतो असं म्हणता येत नाही. आपले लोक ज्या संसदेसाठी मतदान करत नाहीत, तिने केलेले कायदे आपल्याला लागू होतात, हा अ‍ॅलिस्टर यांचा आक्षेप त्यांचे कट्टर विरोधकही खोटा ठरवू शकलेले नाहीत. त्यावरचा उपाय काय, यावर भांडण आहे. प्रोटोकॉलविरुद्ध ते इतरांबरोबर न्यायालयातही गेले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात हरले, हेही नोंदवायला हवं.

आता दाव्याचा गाभा. एकटा सदस्य काही करू शकत नाही, म्हणून तो फक्त ओरडतो. इथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण या वाक्याला उत्तर देणारा कायदा अस्तित्वात आहे.

एप्रिल १९८४ मध्ये बेलफास्टमध्ये दंडाधिकारी टॉम ट्रॅव्हर्स चर्चमधून कुटुंबासह बाहेर पडत असताना आयआरए या ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र संघटनेने त्यांच्यावर गोळीबार केला. ते वाचले, पण त्यांची तरुण शिक्षिका मुलगी मेरी मारली गेली. या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या एका महिलेला २०११ मध्ये शिन फेनच्या सांस्कृतिक मंत्र्यांनी विशेष सल्लागार म्हणून नेमलं. विशेष सल्लागार हे सरकारी तिजोरीतून पगार घेणारं पद. मेरीची धाकटी बहीण उघडपणे बोलायला पुढे आली, आणि अ‍ॅलिस्टर यांनी अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचं विधेयक, मांडलं: पाच वर्षं किंवा त्याहून जास्त तुरुंगवासाची शिक्षा झालेल्या व्यक्तीला मंत्र्याचा विशेष सल्लागार होता येणार नाही.

सभागृहात तेव्हा १०८ सदस्य होते. स्टॉरमाँटच्या नियमांत ‘पिटिशन ऑफ कन्सर्न’ नावाची तरतूद आहे. तेव्हा ३० सदस्यांनी सह्या केल्या की साधं बहुमत पुरत नसे, युनियनवादी आणि राष्ट्रवादी (आयर्लंडशी एकत्र येऊ पाहणारे) अशा दोन्ही बाजूंची संमती लागत असे. शिन फेनकडे २९ सदस्य होते. एक सही कमी. ती सही एसडीएलपी या दुसऱ्या राष्ट्रवादी पक्षाकडून येऊ शकली असती, आणि त्या पक्षात यावरून बरीच घालमेल झाली. अखेर एसडीएलपीने सही केली नाही आणि मतदानात तटस्थ राहिली. ३ जून २०१३ रोजी विधेयक ५६ विरुद्ध २८ मतांनी मंजूर झालं. एका सदस्याच्या पक्षाने, सरकारमधल्या दुसऱ्या क्रमांकाच्या पक्षाचा कडवा विरोध असताना, कायदा करून घेतला. आपल्या संसदेत आजवर फक्त १४ अशासकीय विधेयकांचे कायदे झाले आणि १९७० नंतर एकाचाही नाही. वेस्टमिन्स्टरकडून आलेल्या याच पद्धतीत एकट्या सदस्याचं विधेयक शेवटापर्यंत नेणं किती अवघड असतं, हे यावरून कळावं.

शिन फेनचा आक्षेप पोकळ नव्हता. हिंसाचार थांबवण्यासाठी झालेल्या १९९८ च्या गुड फ्रायडे करारानुसार कैदी सुटले, त्यांना समाजात परत घ्यायचं ठरलं. मग शिक्षा भोगून आलेला माणूस मंत्री होऊ शकतो आणि मंत्र्याचा सल्लागार होऊ शकत नाही, हा कुठला न्याय? हा प्रश्न मलाही टोचतो. पण मंत्री मतदारांपुढे उभा राहतो, सल्लागार राहत नाही. शिवाय हा कायदा सरसकट दार बंद करत नाही. त्यात पुनर्विलोकन मंडळाची सोय आहे, आणि त्या मंडळाने संबंधित व्यक्तीला पश्चात्ताप झाला आहे का, तिने पोलिसांना तपासात मदत केली का, आणि पीडितांचं म्हणणं काय आहे, हे पाहायचं असतं. पीडित कुटुंबाचं मत विचारात घ्यायला लावणारी ही तरतूद ज्याने आणली, त्याने ‘काही केलं नाही’ असं म्हणताना मेरीच्या बहिणीचा विचार करावा. या कायद्यामुळे सरकारच्या दोन प्रमुखांपैकी एक असलेल्या उपप्रथम मंत्र्यांच्या एका सल्लागाराला पद सोडावं लागलं.

यावर दावा करणारे लगेच वळण घेतात: म्हणजे त्यांचं सगळं काम शिन फेनविरुद्धच ना? नाही. २०१२ मध्ये डीयूपीच्या आर्लीन फॉस्टर उद्योगमंत्री असताना अक्षय ऊर्जेवर उष्णता निर्माण करण्याची आरएचआय योजना सुरू झाली. लाकडाच्या गोळ्यांवर चालणाऱ्या बॉयलरला मिळणारं अनुदान इंधनाच्या खर्चापेक्षा जास्त होतं आणि वरची मर्यादाच घातलेली नव्हती. जितकं जास्त जाळाल, तितका जास्त पैसा. जादा खर्चाचा अंदाज ४९ कोटी पौंडांपर्यंत गेला. चौकशीत मंत्र्यांच्या सल्लागारांनी पडद्याआड बजावलेली भूमिका बाहेर आली, आणि नागरी सेवेच्या प्रमुखांनीच कबूल केलं की काही बैठकांची टिपणंच ठेवली जात नव्हती. या योजनेवरून सभागृहात डीयूपीला सर्वांत टोकदार प्रश्न विचारणाऱ्यांत अ‍ॅलिस्टर होते, आणि डीयूपी हा त्यांचा जुना पक्ष, शिवाय त्यांच्याच मतदारांसाठी लढणारा प्रतिस्पर्धी.

प्रश्न विचारून ते थांबले नाहीत. मार्च २०२० मध्ये चौकशीचा अहवाल आला आणि मार्च २०२१ मध्ये त्यांचं दुसरं अशासकीय विधेयक कायदा झालं. मंत्र्यांच्या बैठकांची नोंद ठेवणं, सरकारी कामाचा पत्रव्यवहार सरकारी यंत्रणेतूनच करणं हे त्यात बंधनकारक झालं. सरकारी माहिती कुणाच्या आर्थिक लाभासाठी बाहेर देणं हा गुन्हा ठरला. प्रथम आणि उपप्रथम मंत्र्यांच्या कार्यालयातले सल्लागार ८ वरून ६ वर आले. अर्थमंत्री कॉनर मर्फी म्हणत होते की आचारसंहिता कडक केली आहे, वेगळ्या कायद्याची गरज नाही. सभागृहाला ते पटलं नाही. बैठकीचं टिपण ठेवा, ही मागणी युरोपविरोधी नाही, युनियनवादी नाही आणि शिन फेनविरोधीही नाही. ती प्रत्येक करदात्याची आहे. नियम चुकवायच्या वाटा यानंतरही शोधल्या जातील, २०१३ नंतर तशा शोधल्या गेल्याही. आरएचआय चौकशीत बिनपगारी, अनधिकृत सल्लागारांचा विषय आलाच. पण त्या वाटा कुणामुळे उघड झाल्या आणि कुणी त्या बंद करायचा प्रयत्न केला, हे नोंदीत आहे.

‘त्यांच्यामागे लोकच नव्हते’ हे तर आकड्यांनी लगेच कोसळतं. २०२२ च्या निवडणुकीत टीयूव्हीला पहिल्या पसंतीची ७.६ टक्के मतं मिळाली आणि जागा मिळाली एक. त्याच निवडणुकीत ९.१ टक्के मतांवर एसडीएलपीला ८ जागा मिळाल्या. कारण मतदानपद्धतीत आहे: पसंतीक्रमाच्या मतदानात दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीची मतं वळून यावी लागतात, आणि टीयूव्हीकडे ती फारशी वळत नाहीत. ही पद्धत अन्यायकारक आहे असं मी म्हणत नाही. इतरांना दुसरी पसंतीसुद्धा द्यावीशी वाटत नाही, हा त्या पक्षाच्या राजकारणाचाच परिणाम आहे. पण एका खुर्चीमागे ६५ हजारांहून जास्त मतदार उभे होते, आणि त्यांना नगण्य म्हणणं चूक आहे.

कामकाज अडवण्याच्या आरोपात मात्र थोडं तथ्य आहे. सगळ्या मोठ्या पक्षांना सत्तेत बसवणारी सक्तीची आघाडी अ‍ॅलिस्टर यांना मान्य नाही, आणि प्रोटोकॉलच्या निषेधार्थ डीयूपीने २०२२ नंतर घातलेल्या बहिष्कारात त्यांनी बाहेरून डीयूपीवर दबाव ठेवला. रुग्णालयांच्या प्रतीक्षायादीतल्या लोकांना सरकार नसल्याची झळ बसत होती, त्या काळात त्यांनी घेतलेली ही भूमिका मला चुकीची वाटते. पण सभागृह बंद पाडण्याची किल्ली त्यांच्या हातात कधीच नव्हती. जानेवारी २०१७ मध्ये शिन फेनचे उपप्रथम मंत्री मार्टिन मॅकगिनेस राजीनामा देऊन बाहेर पडले आणि कारभार तीन वर्षं बंद राहिला. फेब्रुवारी २०२२ मध्ये डीयूपीचे प्रथम मंत्री पॉल गिवन यांनी राजीनामा दिला आणि पुन्हा दोन वर्षं गेली. पाच वर्षांचा हा खोळंबा दोन सत्ताधारी पक्षांच्या नावावर आहे.

त्यांना ब्रेक्झिटचे प्रमुख प्रचारक नायजेल फराज यांची स्थानिक प्रत म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: २०२४ च्या ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत टीयूव्हीचा फराज यांच्या रिफॉर्म यूके पक्षाशी समझोता असतानाही फराज यांनी नॉर्थ अँट्रिममध्ये पाठिंबा दिला तो अ‍ॅलिस्टर यांचे प्रतिस्पर्धी इयन पेझली ज्युनियर यांना. १९७० पासून पेझली घराण्याकडे असलेली ती जागा अ‍ॅलिस्टर यांनी ४५० मतांनी जिंकली.

ते लंडनला गेले म्हणून स्टॉरमाँटमधला विषय मिटला, असंही आता ऐकू येतं. त्यांच्या जागी टीयूव्हीचेच टिमोथी गॅस्टन सभागृहात आले. १० डिसेंबर २०२४ रोजी त्याच सभागृहात १८ व्या कलमाखालचं मतदान झालं आणि प्रोटोकॉलची व्यवस्था ४८ विरुद्ध ३६ मतांनी पुढे चालू राहिली. युनियनवाद्यांची संमती नसल्यामुळे हा कौल आठऐवजी चारच वर्षं टिकणार आहे. त्यानंतर युरोपचा प्रश्न याच सभागृहापुढे मतदानासाठी परत यायचा आहे.