‘खरखर म्हणजे स्पीकर गेला’? राजेहो, आधी दार उघडून पाहा

आमच्या तालुक्यातल्या बहुतेक ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. कास्तकारांच्या ग्रुपवर आहे, भजनी मंडळाच्या आहे, वरातीला गाड्या लावणाऱ्या पोरांच्या तर आहेच. मजकूर थोडक्यात असा: जुन्या गाडीचा साउंड खरखरला की स्पीकर फाटले असं समजा. दुरुस्तीत पैसे घालू नका, चारही एकदम बदला. जास्त वॅटचे घ्या, ते कधी फाटत नाहीत. तोवर स्पीकरची काळी वायर गाडीच्या बॉडीला जोडून द्या, खरखर बंद होते. फाटलेल्या कोनाला, म्हणजे स्पीकरच्या कागदी पडद्याला, झटपट चिकटणारा गोंद लावा. आणि डेकवर, म्हणजे गाडीतल्या गाणी वाजवायच्या यंत्रावर, ५० वॅट लिहिलेलं असेल तर डेकमध्ये दोष शोधत बसू नका.

माझं दुकान आर्वी तालुक्यात. रेडिओपासून सुरुवात केली, मग टेप, टीव्ही; आता मोबाइलचे चार्जर आणि गाड्यांचे डेक. बाजाराच्या दिवशी एक कास्तकार जुनी व्हॅन घेऊन आला. म्हणाला, "चारही नवे टाकले न भाऊ, तरी हे खरखर काही जाऊन नाही राह्यली." मेसेज वाचून साडेतीन हजार घालून बसला होता. म्हणून हे लिहितो आहे.

पहिल्यांदा ते ‘चारही एकदम’. चार बैल एकाच दिवशी लंगडू लागले तर आपण बैल विकत नाही, रस्त्यात काय पडलं आहे ते पाहतो. चारही स्पीकर एकाच वेळी खरखरत असतील तर दोष बहुतेक चौघांना जे सामाईक आहे त्यात असतो: डेक, त्याचा करंट, अर्थिंग, नाहीतर गाणंच. एकच खरखरत असेल तर बाकी तीन बदलायचे कशाला? कोणता ते शोधायला पैसाही लागत नाही. डेकमध्ये बॅलन्स आणि फेडर असतो. आवाज पूर्ण डावीकडे न्या, मग उजवीकडे, मग पुढे, मग मागे. दोन मिनिटांत कोपरा सापडतो. त्यानंतर डेकमागे डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी आपसांत बदलून पाहा. खरखर दुसऱ्या बाजूला गेली तर डेकचा तो चॅनल खराब. जागची हलली नाही तर वायर किंवा स्पीकर.

आणि इथेच मेसेज लिहिणाऱ्याने वायर हा शब्दच गाळला आहे. पुढचे स्पीकर दारात असतात. दार दिवसातून वीस वेळा उघडतं, आणि प्रत्येक वेळी बिजागरीपाशी वायर वाकते. तांब्याचे बारीक तार आतल्या आत एकेक करून तुटत जातात, वरचं प्लॅस्टिक मात्र धडधाकट दिसतं. शेवटी दोन-तीन तार उरतात. ते गाडी गचक्यात गेली की सुटतात, पुन्हा टेकतात, आणि आपण म्हणतो स्पीकर फाटला. ओळखायची रीत सोपी आहे: गाणं हळू आवाजात लावा आणि दार सावकाश उघडा, सावकाश लावा. मधल्या एखाद्या ठिकाणी आवाज जातो, येतो, कडकडतो. दार आणि खांबाच्या मधली रबरी नळी बोटांनी दाबूनही पाहा. त्या व्हॅनचं डावं दार निम्मं उघडलं आणि स्पीकर मुका झाला. नवाकोरा स्पीकर, बरं का.

दुरुस्ती करतानाही एक चूक सर्रास होते. तुटलं तिथेच, नळीच्या आत, वायर पिळून काळी टेप गुंडाळतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. टेपचा डिंक पाझरतो, टेप सरकते, उघडा तार पत्र्याला लागतो. वाकणाऱ्या जागी डाग दिला, म्हणजे सोल्डर केलं, तरी तो भाग काडीसारखा कडक होतो आणि त्याच्या कडेला वायर पुन्हा तुटते. नळीतून अखंड, बारीक तारांची लवचिक वायर ओढायची. जोड एक दाराच्या आत, दुसरा डॅशबोर्डखाली. डाग द्यायचा आणि वर स्लीव्ह चढवायची. स्पीकरच्या पाठीमागचे थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाचे पितळी खोबण, हिरवे पडले असतील तर काढून, घासून पुन्हा बसवा. कापूस घरात भरला असेल आणि गाडी त्याच पडवीत उभी राहत असेल तर उंदरांनी वायरी कुरतडल्या का तेही पाहा. सरकीला आलेला उंदीर वायरही सोडत नाही.

आता त्या काळ्या वायरीचं. हा सल्ला मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो नुसता चुकीचा नाही, महागातला आहे. फार जुन्या डेकमध्ये स्पीकरची एक वायर बॉडीला दिलेली चालायची, तिथूनच ही सवय आली असावी. पण नंतरच्या बहुतेक डेकमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींना आयसी, म्हणजे आवाज वाढवणारी चिप, चालवते. डेक चालू करून मीटरची एक काडी स्पीकरच्या कोणत्याही वायरीला आणि दुसरी बॉडीला लावा: बॅटरीच्या साधारण निम्मा व्होल्टेज दिसेल, सहा-सातच्या आसपास. दोन्ही वायरींवर तेवढाच असल्यामुळे स्पीकरला तो जाणवत नाही. त्यातली एक वायर बॉडीला जोडली की समतोल मोडतो. स्पीकरच्या कॉइलमधून, म्हणजे कोन हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीतून, सरळ डीसी (एकाच दिशेचा करंट) वाहू लागतो, आयसी तापते, डेक स्वतःला बंद करतो. नशीब खराब असेल तर आयसी जळते. मग ‘खरखर बंद’ झालीच म्हणायची, गाण्यासकट.

पावसाळ्यात काही गाड्या आपोआप खरखरू लागतात, त्यामागेही कधी कधी हेच असतं. दारातली सोललेली वायर ओल्या पत्र्याला लागते. दाराच्या पॅडमागे प्लॅस्टिकचा एक कागद असतो, पाणी स्पीकरवर येऊ नये म्हणून. मेकॅनिक काचेचं काम करताना तो फाडतो आणि परत लावत नाही. काच दुरुस्त केल्यानंतरच्या पहिल्या पावसात स्पीकर बिघडला असेल तर आधी तो कागद शोधा.

वॅटचं गणित एकदा कागदावर मांडूच. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १४.४ व्होल्ट असतात. स्पीकर ४ ओहमचा. १४.४ चा वर्ग २०७, त्याला ४ ने भागलं की जवळपास ५२. डेकवरचे ५० वॅट हे असे येतात. पण हा आकडा आवाजाची लाट वर-खाली पूर्ण सपाट कापली गेली तेव्हाचा, म्हणजे गाण्याचा चुराडा झाल्यावरचा. लाट गोल राहायची असेल तर हिशोबाने २६ येतात, आणि आयसी स्वतः थोडे खाते, म्हणून हाती विसेकच उरतात. आवाज त्यापुढे रेटला की डेक स्वतःच लाट कापू लागतो आणि स्पीकर फाटल्यासारखा ओरडतो. १०० वॅटचा स्पीकर लावून यात काही फरक पडत नाही. स्पीकरवरचा वॅटचा आकडा तो किती सोसेल ते सांगतो, किती देईल ते नाही. शिवाय चार ओहमचे दोन स्पीकर एकाच वायरीवर समांतर जोडले की डेकला २ ओहमचा भार दिसतो, म्हणजे त्याच्यावर दुप्पट करंटचा ताण येतो. ‘मागे अजून दोन टाकून दे’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

डेक निर्दोष, हे तर मुळीच खरं नाही. फिरवायची खुंटी असलेल्या जुन्या डेकमध्ये खुंटी फिरवतानाच कडकड होत असेल तर व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये घाण बसलेली आहे. कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन फवारे मारा, खुंटी पंधरा-वीस वेळा फिरवा. रॉकेल नको. इंजिन चालू केल्यावर बारीक शिट्टी येत असेल आणि ती ॲक्सिलेटरबरोबर चढत असेल, तर अल्टरनेटरचा आवाज आत शिरतो आहे. डेकची अर्थ वायर स्वच्छ पत्र्यावर घट्ट करा. फक्त एफएमवरच खरखर असेल तर एरियल पाहा, आणि चिखलदऱ्याचा घाट चढत असाल तर काहीच पाहू नका, डोंगराआड स्टेशन जाणारच. पेन ड्राइव्हवरचे डीजे मिक्स तर बनतानाच फाटलेले असतात. तेच गाणं मोबाइलवर हेडफोनने ऐका, तिथेही फाटत असेल तर गाडी सोडून द्या.

राहिला गोंद. मेसेजमध्ये एवढं एक अर्धं खरं आहे, स्पीकर खरंच फाटतोही. उन्हाने फोमची कड भुगा होऊन गळते. पेन्सिल सेलच्या दोन टोकांना दोन वायरी लावून स्पीकरला क्षणभर टेकवा: चांगला स्पीकर स्वच्छ ‘टक्’ करतो. मीटरवर ४ ओहमचा स्पीकर तीन ते चारच्या दरम्यान दाखवतो. मग दोन्ही हातांची बोटं कोनावर सारखी ठेवून हलकेच आत दाबा. खसखस लागली तर कॉइल घासते आहे. आपल्या भागात याचं एक खास कारण आहे. लहानपणी आपण काळ्या मातीत चुंबक फिरवून लोखंडाचे कण गोळा करायचो ना, तेच कण. मधली टोपी सुटली की स्पीकरचा चुंबक धुळीतून ते ओढून घेतो आणि कॉइलच्या फटीत भरतो. अशा स्पीकरला गोंद लावून काय होणार? रिकोन करा, म्हणजे नवा कोन आणि कॉइल बसवून घ्या, नाहीतर तो एकच बदला.

कागदी कोनाची लहान चीर मात्र जोडता येते. त्यासाठी पांढरा गोंद पाण्यात पातळ करायचा, पातळ टिश्यू कागदाची पट्टी लावायची आणि रात्रभर सुकू द्यायची. झटपट गोंद काचेसारखा कडक होतो. तो कडेवर ओघळला की कड लवत नाही आणि शेजारी नवी चीर पडते.

त्या कास्तकाराने काढलेले जुने स्पीकर गाडीतच गोणीत टाकून ठेवले होते. चौघांना सेल लावून पाहिला. एकाची कड खरंच सुटलेली होती. बाकीचे तीन टक्, टक्, टक्. तो गोणीकडे पाहत म्हणाला, "मंग मी कायचे पैसे देल्ले?" दाराच्या वायरीची मजुरी घेतली नाही, तिघांतले दोन स्पीकर ठेवून घेतले. सध्या दुकानात तेच वाजतात.