एंड मिल पुन्हा ड्रिल चकात!

बडोद्यात, मकरपुऱ्याच्या सामायिक वर्कशॉपमध्ये नवी बॅच आली की कुणीतरी मिलिंग मशिनवर एंड मिल (बाजूनेही धातू कापणारा कटर) ड्रिल चकात, म्हणजे ड्रिल धरायच्या पकडीत, आवळतोच. अरे बाबांनो, चक वरचा दाब झेलतो, बाजूचा नाही! आडवा कट लागला की चकाचा टेपर (मशिनमध्ये बसणारा निमुळता दांडा) सुटतो, चक कटरसकट खाली येतो आणि जॉबला, म्हणजे कापायच्या तुकड्याला, खड्डा. कॉलेट (कटर चारी बाजूंनी आवळणाऱ्या पकडी) समोरच्या कपाटात आहेत, हात लांब करा की.

माइल्ड स्टीलला १० मिमी एचएसएस (हाय स्पीड स्टील) कटर ८०० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) चालतो. २००० वर धार जळते. व्हाइसमधला (जॉब धरायच्या शिकंज्यातला) कीस ब्रशने झाडा, फुंकरीने नको, डोळ्यात जातो. आणि ड्रॉबारवर (कटरची पकड वर ओढून धरणाऱ्या दांड्यावर) पाना तसाच ठेवून स्पिंडल (कटर फिरवणारा दांडा) चालू करणाऱ्याला काय म्हणावं?

जुन्या मशिनच्या टेबलाच्या स्क्रूत बॅकलॅश (ढिलेपणा) असतो, क्लाइम्ब कट (कटरची धार फिरते त्याच दिशेने जॉब सरकवून) घेतला की टेबल ओढलं जातं, कटर तुटतो. वर म्हणे, 'काका, कटरच खराब होता.'